स्वार्थ कमी करायचाय? मग एकच घर धर

जय ख्रिस्त! मंडळीच्या (चर्चच्या) भेटी-गटात, म्हणजे घरी जाऊन लोकांना भेटणाऱ्या गटात, नाव दिलंस, छान केलंस. "मनात प्रीतीच येत नाही, मी फार आपमतलबी आहे" असं लिहिलंयस. प्रीती मनात दाटून येईपर्यंत थांबू नकोस, कामाला लाग. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय वाचून बघ. प्रेषित पौलाने तिथे प्रीतीच्या भावनेपेक्षा तिची वागणूकच जास्त सांगितली आहे.

सुरुवातीला एवढंच:

- एकच घर धर. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या सुमारास दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला आणल्या, हे वाचून नवखे लोक थेट अनाथाश्रम काढायच्या गोष्टी करतात. ते राहू दे. गल्लीतल्या एकट्या आजींकडे दर आठवड्याला जा.
- गेल्या गेल्या प्रार्थना सुरू करू नकोस. आधी बस. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसतात. कुठली सकाळची, कुठली रात्रीची ते वाचून दाखव. तीच जुनी गोष्ट पुन्हा सांगतील, तेव्हा मोबाइल खिशातच राहू दे.
- ज्याच्याकडून परतफेड होणार नाही, असा माणूस निवड (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १४).

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे फोटो काढून ग्रुपवर टाकणं. दुसरी जरा लपलेली: बाहेर सेवा, आणि घरी आईने पाणी मागितलं की कपाळाला आठ्या!

आजी चिडल्या, "कशाला आलास?" म्हणाल्या, तरी पुढच्या आठवड्यात जा. उपास, संकल्प वगैरेंचं नंतर बोलू.