अपघात जुना, धास्ती आजची

प्रश्न : माझे पती बुटीबोरीला नोकरी करतात. आठ महिन्यांपूर्वी वर्धा रोडवर त्यांच्या मोटारसायकलला ट्रकची धडक बसली आणि मागे बसलेले त्यांचे सहकारी जागीच गेले. यांचा मोडलेला हात जुळला. पण अजूनही ते रात्री घामाघूम होऊन उठतात आणि कामावर हिंगण्याकडून लांबचा वळसा घालून जातात. मागच्या आठवड्यात गल्लीत पाण्याच्या टँकरने करकचून ब्रेक लावला, तेव्हा हातातली चहाची बशी टाकून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आहेत. सासूबाई दृष्ट काढतात. दीर म्हणतात, त्याच रस्त्याने गाडी चालव, भीती मोडेल. हे वेडाचे लक्षण आहे का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, हे वेड नव्हे. पत्रावरून निदान करता येत नाही. तरीही तुम्ही लिहिलेले वर्णन आघातोत्तर तणाव विकाराशी, म्हणजे पीटीएसडीशी, बरेच जुळते. एखादा प्रसंग आठवून वाईट वाटणे निराळे आणि तो आत्ता, याच क्षणी पुन्हा घडतो आहे असे अंगावर येणे निराळे. टँकरच्या ब्रेकने बहुधा हे दुसरेच झाले असावे. त्याच्या जोडीला आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि धोका टळलेलाच नाही अशा सावधपणाने सतत वावरणे, ही तिन्ही लक्षणे काही आठवडे टिकून रोजच्या जगण्यात आड येत असतील, तर या आजाराचा विचार करावा लागतो. पहिल्या महिन्यात अशी घालमेल पुष्कळांना होते व बहुतेकांची ओसरते. आठ महिने मात्र थोडे नाहीत.

निदान हुकण्याचे एक कारण या आजारातच दडलेले असते. टाळणे हेच लक्षण असल्यामुळे रुग्ण डॉक्टरांपुढे झोप लागत नाही, डोके दुखते एवढेच बोलतो आणि अपघाताचा विषय काढतच नाही. मग गोळी झोपेची मिळते. म्हणून सोबत तुम्ही जा आणि अपघाताचे पहिल्याच वाक्यात सांगा. दोन आठवडे एका वहीत तारखेनिशी नोंदी ठेवा : रात्री किती वाजता उठले, कशाने दचकले, कोणता रस्ता टाळला. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये हा आजार दिसत नाही. सविस्तर मुलाखत हीच तपासणी. अपघातात डोक्याला मार लागला होता का, झोपेसाठी दारू सुरू झाली आहे का, हेही लपवू नका, कारण त्यातूनही अशीच चिडचिड आणि विस्मरण उद्भवते. त्याबरोबर नैराश्य आहे का, हेही डॉक्टर पाहतील.

आपल्याकडे मानसोपचार म्हटले की लोकांना पागलखाना चौकच आठवतो, आणि या एका शब्दाने किती जणांना दारातूनच परतवले असेल! नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत मानसोपचारतज्ज्ञ असतात. आधी फोनवर बोलायचे असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे ते बोलू लागले, तर मात्र ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता त्यांना लगेच रुग्णालयात न्या.

झोपेच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, पण त्या एकाएकी बंदही करू नका. नव्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा. उपचारात आघातावर केंद्रित मानसोपचार मुख्य, गरजेनुसार औषधे. तुमच्या दिरांचे म्हणणे अगदीच चूक नाही, कारण टाळलेल्या गोष्टींना सामोरे जाणे हा त्या उपचाराचाच भाग आहे; मात्र ते पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. तोवर त्यांना हिंगण्याकडूनच जाऊ द्या.