कुत्रा तुमचा, पाणंद सगळ्या वाडीची

लंडनजवळच्या हॅरोहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. गाव मालवण तालुक्यात, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. घरी सासूबाई एकट्या. त्यांना सोबत हवी म्हणून मुलाने मुंबईहून लॅब्राडॉरचं पिल्लू घेऊन दिलं, ते आता चांगलं थोराड झालंय. पत्रात प्रश्न बरेच आहेत. मुलांचं मराठी, आंब्याची बाग, सासूबाईंचा एकटेपणा. मी मात्र तिसऱ्या पानावरच्या एका परिच्छेदापाशीच अडकले. तो जसाच्या तसा देते:

“यंदा मे महिन्यात गेलो तर शेजारच्या काकी आमच्याशी बोलेनात. शेवटी एकदा गडग्यापलीकडून म्हणाल्या, ‘तुमचो कुत्रो, मगे घाण आमच्या वाटेर कित्याक?’ आमचा ब्रूनो सकाळ-संध्याकाळ पाणंदीत नाहीतर किनाऱ्यावर जातो. सासूबाईंना वाकता येत नाही. ह्यांचं म्हणणं, गावात एवढे भटके कुत्रे आहेत, एकट्या ब्रूनोमुळे असा काय फरक पडतो? पाऊस आला की सगळं वाहून जातं. काकींची समजूत कशी काढावी?”

ताई, काकींची समजूत काढायची नाहीच. काकींचं बरोबर आहे.

तुमचं मन दुखवायचं नाही मला. सासूबाईंच्या काळजीने तुम्हाला रात्री झोप लागत नाही, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तो घोर आपल्यापैकी कुणाला चुकलेला नाही. पण त्याच पत्रात तुम्ही असंही लिहिता, “हॅरोत आमच्याकडे कॉकर स्पॅनियल आहे. हे खिशात पिशव्या असल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत.” मग तोच माणूस मालवणच्या पाणंदीत हात हलवत चालतो, याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही?

याचं कारण दंडात आहे असं बरेच जण म्हणतात. इंग्लंडात कुत्र्याची घाण न उचलणाऱ्याला जागच्या जागी दंड होऊ शकतो, प्रकरण कोर्टात गेलं तर १००० पौंडांपर्यंत. आपल्या वाडीत कोण पावती फाडणार? मला हे कारण अर्धंच पटतं. परदेशातली माणसं जन्मतःच स्वच्छ असतात हा समज तर मुळीच पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये घाण मालकानेच उचलावी असा कायदा १९७८ साली आला, कारण तोवर लोक उचलत नव्हते. आम्ही राहतो त्या कॅनडातल्या ओंटारिओत आजही मार्चअखेर बर्फ वितळला की हिवाळाभर कुणी कुणी काय काय सोडून दिलं होतं ते पदपथाकडेला उघडं पडतं. सवय कुठेही लावावी लागते आणि कुठेही सुटते. गावी आल्यावर ती सुटते याचं माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. गावात आपण धरून चालतो की मागून कुणीतरी काढेल.

हा कुणीतरी कोण? हॅरोत तो पालिकेचा पगारी माणूस असतो, हातमोजे घालून येतो. गावात ती तुमच्याकडे केर काढायला येणारी बाई असते, नाहीतर खुद्द काकी असतात. आपलं अंगण झाडताना त्या तुमच्या दारासमोरचंही झाडतात. दुसऱ्याची विष्ठा उचलण्याचं काम आपल्या समाजाने शतकानुशतकं कुणावर लादलं, हे मी सांगायला नको. आपण शिकलो, बाहेर पडलो, तिकडे स्वतःचं शौचालय स्वतः घासतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. गावच्या विमानात बसल्यावर ही समज गळून पडत असेल तर मला त्याचा राग येतो आणि येणारच. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. माझे वडील हे आम्हाला वारंवार ऐकवायचे. ते नुसतं सांगत नसत. आमच्याकडे कुत्रा होता तेव्हा त्याची घाण तेच उचलत, गड्याला हात लावू देत नसत. “कुत्रो माझो, तेच्यावर हक्क माझो, मगे ह्यां कोणाचां?” असं म्हणायचे. माझा थोरला भाऊ आज त्याच घरात राहतो. सकाळी कुत्र्याबरोबर बाहेर पडताना त्याच्या हातात साखळी असते तशी सुपलीही असते. सुरुवातीला वाडीतली पोरं हसली. काही अजून हसतात. पण आमच्या घरावरून शेजाऱ्यांत एकदाही बोलाचाली झालेली नाही.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळते. ‘एकट्या ब्रूनोमुळे काय होणार?’ भटक्यांचं काय करायचं हा ग्रामपंचायतीचा आणि सरकारचा मोठा प्रश्न आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. ब्रूनोला मालक आहे. तीसेक किलोचा, दोन वेळ भरपेट जेवणारा कुत्रा आहे. वाडीतला उपाशी कुत्रा आणि हा, यांच्यात तुलना करू नये.

‘पाऊस आला की वाहून जातं.’ कुठे जातं? सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळी घाण व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नेतो, व्हाळ खाडीला मिळतो. जे उरतं ते जमिनीत मुरतं. खाली जांभा, सच्छिद्र दगड, आणि त्यातच वाडीच्या विहिरी खणलेल्या. पावसाळ्यात पाणी गाळून-उकळून प्या म्हणून सासूबाईंना फोनवर बजावता ना? मग विहिरीच्या वरच्या अंगाला काय साचतंय तेही विचारा.

आणखी एक वाक्य माझ्या माहेरीही ऐकलंय, तुमच्या धाकट्यानेही विचारलंय म्हणे: “शेणाने खळं सारवतात, मग डॉगीचं खत का नाही होत?” विचारलं हे चांगलं केलं. गाय गवत खाते, कुत्रा मांस खातो. त्याच्या पोटात माणसाला बाधणारे जंत आणि जिवाणू असू शकतात आणि घरच्या खतखड्ड्याला ते मारण्याइतकी धग नसते. म्हणून ते भाजीच्या वाफ्यात कधीच घालायचं नाही.

या जंतांबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण शिकलेल्या माणसांनाही हे माहीत नसतं. कुत्र्याच्या आतड्यातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिली की बाधायला लागतात आणि मग वर्षानुवर्षं तिथेच टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हाताला लागून ती तोंडात गेली तर आतून अळ्या शरीरात फिरतात. क्वचित डोळ्यात शिरतात आणि नजर जाते. दुसरे अंकुशकृमी. त्यांच्या अळ्यांना उबदार, ओलसर, सावलीतली वाळू लागते, म्हणजे आपल्या माडाखालचा किनाराच. आठवड्याभरात त्या तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसतात. माझ्या पुतण्याला हे झालं. गावाहून परतल्यावर तळपायावर लाल, नागमोडी रेघ उमटली, रोज थोडी पुढे सरकायची, खाजेने पोर रात्र रात्र जागायचं. थंड देशातल्या डॉक्टरला असा रुग्ण रोज दिसत नाही, त्यांनी आधी नायटा समजून मलम दिलं. जावेने किनाऱ्यावर अनवाणी खेळल्याचं सांगितल्यावर निदान झालं आणि गोळ्यांनी बरं वाटलं. तुमच्या मुलांना अशी रेघ दिसली तर डॉक्टरांना किनाऱ्याचं आधी सांगा.

यातली महत्त्वाची गोष्ट ही, की घाण ताजी असतानाच उचलली तर जंतांना तयार व्हायला वेळच मिळत नाही. संध्याकाळी बघू, उद्या बाई येईल, यातच सगळं बिघडतं.

आणि आपला गाव अनवाणी चालतो हो! रापण ओढणारे अनवाणी असतात, जाळं वर आलं की मासळी त्याच वाळूवर ओतली जाते. बायका तिथेच बांगडे, सुंगटं (कोळंबी) सुकत घालतात. तेच सुकं तुम्ही-आम्ही बॅगेत कपड्यांच्या घड्यांत दडवून परदेशी नेतो. तुम्ही म्हणता त्या पाणंदीतून चतुर्थीचे गणपती डोक्यावर घेऊन माणसं उतरतात, देवाची पालखी जाते. पायात चप्पल कुणाच्याच नसते. काकींना राग कशाचा आला ते आता कळलं असेल. २०१६ साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला, तो अशा काकींच्या जिवावर. घरोघरी शौचालय बांधायला या वाड्यांनी पदराला खार लावलाय. त्यांच्याच वाटेवर पुन्हा विष्ठा, आणि तीही परदेशातून पैसे पाठवणाऱ्या घरातली!

किनाऱ्याचं आणखी एक. हिवाळ्यात तोंडवळी, वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुत्री ती घरटी उकरतात. त्या दिवसांत ब्रूनोला किनाऱ्यावर मोकळं सोडूच नका, साखळी हवीच.

करायचं काय, ते आता नीट ऐका. सासूबाईंना वाकता येत नाही ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. उभ्याने वापरता येते अशी लांब दांड्याची सुपली आणि खुरपणी तिकडून घेऊन जा किंवा मालवणच्या बाजारात लोहाराकडून करून घ्या. पोफळीची सुकलेली विरी (पानाच्या देठाचा रुंद भाग) आणि मूठभर राख असली तरी काम होतं, राख टाकली की घाण चटकन उचलली जाते. गावात रोज कचरागाडी येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्या साठवून काही उपयोग नाही, त्या शेवटी व्हाळातच जातात. परसात विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब, निदान पन्नास फुटांवर, भाजीपाल्यापासून दूर एक खड्डा खणून घ्या. रोजचं त्यात टाकायचं, वर माती लोटायची, तोंडावर जांभ्याचा चिरा ठेवायचा. पावसाळ्याआधी तो मातीने पूर्ण बुजवायचा. पावसाच्या चार महिन्यांत पिशवी न घालता नुसती विष्ठा घरच्या शौचालयात टाकून पाणी ओतावं. शिवाय ब्रूनोला पहिली खेप आपल्याच आवारात करायची सवय लावा. खाल्ल्यावर थोड्या वेळाने रोज एकाच कोपऱ्यात न्यावं, झालं की शाबासकी द्यावी, तेवढ्याने लॅब्राडॉर शिकतो. जंताचं औषध आणि रेबीजची लस चुकवू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही द्या. तो आजार आपल्या जिल्ह्याला नवा नाही आणि कुत्र्याच्या लघवीतूनही पसरू शकतो.

सासूबाईंना तेही झेपत नसेल तर कुत्रा फिरवायला वाडीतला एखादा मुलगा पगार देऊन ठेवा. पगार ठरवताना उचलण्याचं काम त्यात आहे हे आधी स्पष्ट सांगा, सुपली आणि हातमोजे तुम्ही द्या. तुम्ही गावी असाल ते सगळे दिवस मात्र यजमानांनीच उचलायचं. वाडीने ते पाहायला हवं.

काकींकडे जाताना चॉकलेटचा डबा नेऊ नका. आपण तिकडची माणसं, काही झालं की डबा पुढे करतो. मुलांना बरोबर घेऊन नुसते जा, ओटीवर बसा, ‘चुकलं, उद्यापासून आम्ही काढतो’ एवढं म्हणा आणि दुसऱ्या सकाळी पाणंदीत दिसा. गोव्यातल्या आमच्या एका आत्याने शेजारणीशी अबोला धरला तो मरेपर्यंत सुटला नाही, निमित्त असंच क्षुल्लक होतं. परदेशातून सासूबाईंना रात्री-अपरात्री मदत तुम्ही करू शकणार नाही, ती काकीच करणार आहेत.

बाकीच्या प्रश्नांवर थोडक्यात. मुलांच्या मराठीची चिंता करू नका, सुट्टीत महिनाभर आजीपाशी एकटी सोडा, तुम्ही मध्ये बोलू नका. आंब्याची बाग कराराने देताय तर करार लेखी करा, मुदत आणि फवारणी कोणाची ते त्यात घाला. सासूबाईंना इंग्लंडला न्यायचं की नाही हे त्यांनाच विचारा, पत्रात त्यांचं मत कुठेच दिसलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, “ब्रूनो एकटा पडतो, सासूबाईंना आणखी एक पिल्लू घेऊन द्यावं का?” पहिल्याची घाण रोज नेमाने उचलली जाते असं काकींच्या तोंडून कळेपर्यंत मुळीच नको.