ईडीएफ असूनही ढगाळ दिवशी डेडलाइन का चुकतात?

सौर पॅनल आणि सुपरकपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर) चालणाऱ्या, दोन कोअरच्या (एकाच वेळी दोन कामे करू शकणाऱ्या प्रोसेसरच्या) यंत्रात कामांचा क्रम ईडीएफने (अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट) लावूनही आणि प्रोसेसर निम्मा वेळ रिकामा असूनही ढगाळ दिवशी डेडलाइन चुकतात, याचे कारण आपण विचारले आहे. तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत मी असेच यंत्र बसवले आहे. पहिल्या हंगामात मलाही हे कोडे सुटत नव्हते.

ज्याची मुदत आधी त्याचे काम आधी, हा ईडीएफचा नियम केवळ वेळेचा हिशोब ठेवतो. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये एका प्रोसेसरसाठी तो सर्वोत्तम ठरवला, पण त्यात विजेच्या टंचाईचा विचारच नव्हता. १० फॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टपासून ३ व्होल्टपर्यंत वापरला, तर कन्व्हर्टरमधील तूट सोडून ८० जूल मिळतात. समजा, पानांच्या फोटोच्या विश्लेषणाला ६० जूल लागतात आणि मुदत तासाभराची आहे. समोर दुसरे काम नसल्यामुळे ईडीएफ ते लगेच उरकतो, आणि दहा मिनिटांनी पानांवरील ओलाव्याचा इशारा मोडेमवरून तातडीने पाठवायची वेळ येते तेव्हा, आभाळ भरलेले असेल तर, लागणाऱ्या ३० जूलांऐवजी जेमतेम २० उरलेले असतात.

म्हणून लांबच्या मुदतीचे काम मुद्दाम रेंगाळू द्यावे. साठलेली आणि येऊ घातलेली ऊर्जा मुदतीपर्यंत पूर्ण वेगाने चालायला पुरेल, तेव्हाच ते हाती घ्यावे. मात्र कपॅसिटर काठोकाठ भरला तर थांबू नये, कारण पुढचे ऊन वाया जाते.

दोन कोअरमुळे खरी गुंतागुंत होते. कामे वाटून प्रत्येक कोअरला स्वतंत्र शेड्यूलर (कोणते काम केव्हा करायचे ते ठरवणारा प्रोग्राम) दिला, तर दोघेही तेच ८० जूल आपापले समजतात. माझ्या यंत्रात दोन्ही कोअर एकदम जागे होत, व्होल्टेज कोसळे आणि बोर्ड रीसेट होई. आता ऊर्जेचे खाते एकच आहे व काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कोअर त्यातून मंजुरी घेतो. वेळ असेल तर वेगही उतरवतो: फ्रिक्वेन्सी निम्मी आणि व्होल्टेज ८० टक्के केल्यास वेळ दुप्पट लागतो, पण स्विचिंगची, म्हणजे प्रत्यक्ष गणनेला लागणारी, ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटून ६४ टक्क्यांवर येते. फार हळू चालवल्यास मात्र चिप चालू असेपर्यंत सतत होणारी विजेची गळतीच हा फायदा खाऊन टाकते, तेव्हा मोजूनच ठरवावे.

उन्हाचा अंदाज केवळ मागील दिवसांच्या सरासरीवर सोडू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून येते तेव्हाच द्राक्षावरील डाऊनी (केवडा) रोगाचा धोका वाढतो, म्हणजे इशाऱ्याची गरज सर्वांत जास्त तेव्हाच वीज सर्वांत कमी. गेल्या अर्ध्या तासात अपेक्षेच्या किती टक्के ऊर्जा आली, त्याच प्रमाणात मी पुढील काही तासांचा अंदाज कापतो, आणि इशाऱ्याचे ३० जूल फोटोच्या कामाला कधीच देत नाही.