धडाधडा वाचतो, पण कळत नाही

प्रश्न : माझ्या मुलाला जन्मापासून कमी ऐकू येतं. तीन वर्षांचा असल्यापासून दोन्ही कानांना मशीन आहे. आता तिसरीत आहे. मराठीचा धडा धडाधडा वाचतो, पण खालच्या प्रश्नांना भलतीच उत्तरं देतो. पाच-पाच वेळा वाचून घेते, तरी तेच. काय करू?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, सहाव्यांदा वाचून घेऊ नका. देवनागरी अक्षरं एकदा बसली की न कळणारंही वाचता येतं. आपण स्तोत्रं म्हणतोच की! त्याचं अडलंय ते भाषेत.

कर्णबधिर मुलांना मी ३१ वर्षं शिकवलं. फळ्यावर 'राजूला मीनाने ढकलले' लिहायचे आणि दोघांना उभं करून म्हणायचे, करून दाखवा. बहुतेक वेळा राजूच मीनाला ढकलायचा. पहिलं नाव ज्याचं, करणारा तोच, असा त्यांचा हिशोब. 'ला', 'ने', 'चा' ही शेपटं आपण बोलताना गिळतो; मशीनमधूनही ती निसटतात, ओठांवरही नीट दिसत नाहीत. मग कागदावर असली तरी डोळा त्यांच्यावरून घसरतो.

म्हणून चिठ्ठ्या लिहा. एकीवर 'ताईला पेन दे', दुसरीवर 'ताईचं पेन दे'. तोंडाने काही सांगायचं नाही, तो काय करतो ते बघायचं. मग 'पेला पडला', 'पेला पाडला' (स्टीलचा घ्या!). रोज दोन-तीनच.

एका धड्यात 'आजोबांचा डोळा लागला' असं वाक्य होतं. एका मुलीने माझ्या डोळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "रक्त?" लागणं म्हणजे खरचटणं, एवढंच तिला ठाऊक. ऐकणारी मुलं भूक लागणं, ठसका लागणं, गाडी लागणं घरातल्या गप्पांतूनच उचलतात. आपल्या मुलांना ते समोर बसून सांगावं लागतं. तेव्हा धडा उघडण्याआधी त्यातली गोष्ट सांगा. चित्रं काढा, नकला करा, खुणा करा. खुणांमुळे बोलणं मागे पडल्याचं मी तरी पाहिलं नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश आहे, त्याचे व्हिडिओ फुकट बघता येतात.

सोलापूरला गेलात तर एसटीचं तिकीट वहीत चिकटवा आणि तो जे सांगेल ते त्याच्यासमोर तीन वाक्यांत लिहा. 'मी खिडकीत बसलो. आईला उलटी झाली.' असलं काही. स्वतःची फजिती नसली की मुलं ते पुन्हा पुन्हा वाचतात.

आणि हो, मशीन शिट्टी मारतंय का? वाढत्या वयात कानातला मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने केलेला मशीनचा भाग, सैल होतो. तसं असेल तर तो आधी नवा करून घ्या.