केमिस्ट्री शिकलेल्या मुलीनं आधी जार टेस्ट शिकावी

पत्र : मुलगी सोलापुरात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाणी आणि कचऱ्याच्या पुनर्वापरात मोठ्या कंपन्या 'इनोव्हेशन' करतात, म्हणून तिला एमबीए करून त्यात जायचंय. मला वाटतं, हे शेवटी गटारीचंच काम. काय करावं? — एक पालक, अक्कलकोट रोड

नमस्कार.

एमबीए आत्ता नको. हे क्षेत्र मात्र जरूर निवडू द्या. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात सांडपाण्याला गटार म्हणून सोडून देणं परवडणारं नाही. २०१६ च्या वीज दर धोरणानं मैलापाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज प्रकल्पांना प्रक्रिया केलेलं पाणी वापरणं बंधनकारक केलं. नागपूरचं असं पाणी कोराडीच्या वीज प्रकल्पाला जातं. सोलापूरला देगावचं केंद्र आहे आणि एनटीपीसीचा प्रकल्पही जवळच आहे.

आता 'इनोव्हेशन' म्हणजे नेमकं काय, ते तुमच्या शेजारच्या डाइंगच्या उदाहरणानं सांगतो. रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढवायला लिटरमागे साधारण ५० ते ८० ग्रॅम मीठ लागतं. ते सगळं सांडपाण्यात उतरतं. तुरटीनं गाळ बसतो, पण विरघळलेला रंग बराचसा तसाच राहतो आणि मीठ तर जागचं हलत नाही. म्हणून पुढे आरओ, म्हणजे दाब देऊन पाणी अतिबारीक पडद्यातून गाळणं. समजा १०० घनमीटर पाणी आलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरमागे ५,००० मिलिग्रॅम. त्यातलं ७५ टक्के शुद्ध मिळालं, तर उरलेल्या २५ घनमीटरचा टीडीएस २०,००० च्या आसपास जातो. ते आटवायला वाफ लागते, आणि खर्च तिथंच होतो. हेच प्रमाण ९० टक्क्यांवर नेलं तर आटवायला फक्त १० घनमीटर उरतं. पण तेव्हा क्षार दहापट घट्ट होतात, कॅल्शियम आणि सिलिका पडद्यावर बसतात, दाब वाढवावा लागतो. कंपन्यांचं संशोधन याच ओढाताणीवर चालतं : क्षार आधी कसे काढायचे, पडदा कधी धुवायचा, मिठाचं पाणी परत डाइंगला कसं वापरायचं. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिरुपूरची डाइंग युनिटं बंद झाली, त्यानंतर तिथल्या उद्योगाला हे सगळं शिकावंच लागलं.

यात केमिस्टचा हात पहिल्या दिवसापासून लागतो. मुलीनं कॉलेजमध्ये असतानाच जार टेस्ट, म्हणजे तुरटीची योग्य मात्रा शोधायची चाचणी, करून पाहावी. सहा बीकरमध्ये एकेक लिटर सांडपाणी घ्या. तुरटीची मात्रा १०० पासून ३५० मिलिग्रॅमपर्यंत, दर बीकरला ५० नं वाढवत. एक मिनिट जोरात ढवळा, मग १५-२० मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास थांबा. वरचं पाणी कुठं सर्वांत स्वच्छ आहे ते पाहा आणि प्रत्येकाचा पीएच नोंदवा. जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत इथंच मोडते : पीएच घसरतो, गाळ वाढतो, आणि तो गाळ उचलायचे पैसे वेगळे. त्यानंतर सीओडी (पाण्यातली घाण नष्ट व्हायला किती ऑक्सिजन लागेल, त्याचं माप) शिकावं, आणि एअरेशन टाकीतला, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून घाण संपवायच्या टाकीतला, गाळ तीस मिनिटांत किती खाली बसतो ते पाहावं. लिटरमागे गाळ २५० मिलिलिटर बसला आणि एमएलएसएस (त्या टाकीच्या पाण्यात तरंगणारा गाळ) लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम असेल, तर गाळाचा निर्देशांक ८३ येतो, म्हणजे ठीक. तो १५० च्या वर जायला लागला की तंतुमय जिवाणू माजलेत का, ऑक्सिजन कमी पडतोय का, हे शोधायला लागा.

वाट अशी : आधी दोन वर्षं चालत्या ईटीपी (कारखान्याच्या सांडपाण्याचं केंद्र) किंवा एसटीपीवर (मैलापाणी केंद्र) लॅब केमिस्ट. पगार सुरुवातीला बेताचा असेल, तो मनाला लावून घेऊ नका. मग पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., आणि व्यवस्थापनाची ओढ टिकली तर तेव्हा एमबीए. प्रकल्पाच्या डिझाइनचं काम मात्र बहुतेक सिव्हिल आणि केमिकल इंजिनिअरांकडे जातं, हे तिला आत्ताच सांगा. कचऱ्याकडे कल असेल तर ओल्या कचऱ्यापासून वायू करणाऱ्या प्रकल्पांतही केमिस्ट लागतात. तिथं आम्लता वाढून जिवाणूंचं काम थांबतं तेव्हा कोणी पीएच वेळेवर पाहिला होता का, यावर सगळं अवलंबून असतं.

मुलाखतीत तिनं तीन प्रश्न विचारावेत. लॉगबुक कोण भरतं? रात्रपाळीला बाई एकटी असते का, घरी सोडायची सोय आहे का? आणि टाकीत उतरण्याआधी वायू तपासायचं यंत्र आहे का? हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूनं नाक लवकर बधिर होतं, वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळणाऱ्या ठिकाणी, पगार कितीही असो, तिला पाठवू नका.