सहा लिंबं आणि एक छोटी बरणी

अगं,

तुझा मेसेज परवा रात्रीच बघितला, फोटो पण सगळे बघितले (मोगऱ्याचा हललाय, पण कळ्या मोजता आल्या, अकरा आहेत). व्हॉट्सअॅपवर एवढं टाइप करायचं म्हणजे माझा अंगठा दुखायला लागतो, म्हणून म्हटलं काका झोपलेत तोवर लॅपटॉपवर निवांत पत्रच लिहून टाकू.

तुझा प्रश्न असा की, काकू, कुंडीतल्या झाडाला सहा लिंबं आलीत, लोणचं घालू का, की एवढ्याशाचं काय लोणचं घालायचं? घाल. नक्की घाल. गंमत काय होते माहितीये, आपल्याकडे लोणच्याची कृती विचारली की आई सांगणार शंभर लिंबं, आजी सांगणार एवढी मोठी बरणी, आणि आपण नेरुळच्या सातव्या मजल्यावर चार बाय आठच्या बाल्कनीत उभे. त्यांची मापं अंगणातल्या झाडाची होती गं, एका दिवशी पोतंभर लिंबं उतरवायची आणि घरातल्या सगळ्या बायका बसायच्या. कुंडीतलं झाड असं देत नाही. ते आज दोन देतं, पंधरा दिवसांनी तीन देतं, मग रुसून बसतं. मीही नौपाड्याचं बैठं घर रिडेव्हलपमेंटला गेल्यावर इकडे मानपाड्याला आले तेव्हा पहिली दोन वर्षं वाट बघत बसले की पुरेशी जमली की घालीन, आणि तोपर्यंत फ्रीजच्या खालच्या खणात लिंबं सुकून गोट्या व्हायची. मग कळलं की लोणचं पण हप्त्याहप्त्याने घालता येतं, आरडीसारखं.

तर असं कर. लिंबं धुऊन पुसून तासभर पंख्याखाली ठेव, पाण्याचा थेंब राहता कामा नये. पाव किलोला ५० ग्रॅम मीठ हे माप लक्षात ठेव, तुझी सहा साधारण तेवढीच भरतील. आठ आठ फोडी कर, बिया काढ, मीठ आणि थोडी हळद चोळून काचेच्या बरणीत भर आणि वरून बाजारातल्या एका लिंबाचा रस पिळ म्हणजे फोडी बुडतील, कारण बुडालेली फोड टिकते आणि वर डोकं काढलेल्या फोडीलाच बुरशी धरते. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढून घेतं म्हणून दोन दिवसांत बघशील तर रस वर आलेला असेल. रोज एकदा बरणी हलवायची, दिवसा ग्रिलमध्ये उन्हात, रात्री आत. पुढची तीन लिंबं आली की त्यांना त्यांच्या हिशोबाने मीठ लाव आणि त्याच बरणीत ढकल. साल मऊ पडायला महिना दीड महिना लागेल, मग तिखट घाल, साखर किंवा गूळ घाल, तुझ्या जिभेला काय आवडतं ते. स्टीलच्या डब्यात मात्र ठेवू नकोस आणि लोखंडी झाकण असलेल्या जॅमच्या बाटलीतही नको, आंबटाने झाकण गंजतं.

आणि बाजारात आत्ता लिंबाचा भाव बघितलास ना? मे महिन्यात ते असंच असतं, कारण उन्हाळ्यात लिंबं हवी असतील तर झाडाला सप्टेंबर-ऑक्टोबरात फूल यावं लागतं, त्याला हस्त बहार म्हणतात, आणि नेमका तेव्हा पाऊस लांबला की फूल गळतं. तुझ्या झाडाने ते जमवलंय, म्हणून म्हणते सहा लिंबांना हसू नकोस.

आता फुलांचं. तू विचारलंयस की मोगरा वाळवून ठेवता येतो का. मी केलाय तो उद्योग, आठवड्यात चहाच्या चोथ्यासारखा दिसायला लागला आणि वासही गेला. मोगऱ्याचं त्याच दिवशीच करायचं असतं. संध्याकाळी सहाच्या आसपास कळी टपोरी पांढरी होते, हिरवट झाक गेलेली असते पण तोंड बंद असतं, तेव्हा तोडायची. ओल्या रुमालात गुंडाळून ठेवलीस तर जेवण होईपर्यंत उमलते आणि तू ऐरोलीहून ऑफिसमधून दमून आलेली असतेस तेव्हा अख्खी खोली घमघमते. दोन कळ्या माठात टाक. बाकीच्या शेजारी दे, खरंच दे, कारण बाल्कनीवाल्यांना शेजाऱ्यांची सहानुभूती फार लागते, पुढे सांगते का ते. फुलं संपली की प्रत्येक फांदीचा शेंडा दोन पेरं खाली छाट, मोगरा नव्या फुटीवरच फुलतो, छाटायला जीव होत नाही म्हणून बरेच जण छाटत नाहीत आणि मग म्हणतात नुसती पानंच येतात. मोठी छाटणी मात्र जानेवारीत, त्याआधी डिसेंबरात पाणी तोडायचं.

जास्वंदीचं फूल एक दिवसाचं, देवाला वाहा नाहीतर झाडावरच राहू दे. गुलबक्षी चहाच्या वेळेला उघडते. आणि ते आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ना (खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, हे एक निवडुंग आहे, पान खोचलं तरी लागतं), ते तर रात्री दहा-अकराला उमलून सकाळी मान टाकतं. मागच्या जुलैमध्ये एका रात्री चार आली तर मी सरळ बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, रात्री अकरा वाजता पायजमा-गाऊनवर पंधरा जण माझ्या हॉलमध्ये, पोरं पेंगुळलेली, कोणीतरी फूटभर लांबून फुंकर घालतंय, काका सगळ्यांना सरबत देतायत. असं काही असेल तर फोटोच्या आधी माणसं बोलाव.

टिकवायचं फूल माझ्या मते एकच, गुलाब. म्हणजे गोकर्णाची फुलं पण सावलीत वाळवून ठेवता येतात, गरम पाण्यात टाकली की निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं, पाहुण्यांची पोरं खूश होतात, पण चव विचारशील तर काही नाही. गुलाब म्हणजे गावठी, फिकट गुलाबी, वासाचा. बुकेवाला लाल नको, त्याला वास नसतो आणि त्यावर फवारे मारलेले असतात. नर्सरीतून झाड आणलंस तर सुरुवातीचे दोन-तीन महिने त्याची फुलं पोटात घालायचीच नाहीत, नुसती बघायची. त्यानंतर रोजची दोन फुलं असली तरी चालतं, हाही हप्त्याचाच कारभार. पाकळ्या धुऊन सावलीत कोरड्या करायच्या, बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, वजनाला साखर पाकळ्यांच्या निदान दीडपट. तोंडाला फडकं बांधून उन्हात. आठवड्याने बघशील तर पाकळ्या बसलेल्या, कडेने काळसर लाल पाक सुटलेला, काचेला बोट लावलं तरी चिकट. त्यावर परत थर. पंधरा-वीस कडक उन्हं मिळाली की गुलकंद तयार. पण हे सगळं आत्ता. सात जूनला मृग लागलं की आपल्याकडे ऊन विसर, ठाण्याच्या जुलैत रुमाल वाळत नाही तिथे गुलकंद काय होणार.

म्हणून वाळवणाची कामं या पंधरा दिवसांत आटप. मिरच्या लागल्यात म्हणालीस, जाड्या असतील तर सांडगी कर, पोटात चीर देऊन मीठ, मेथी, धणे, हिंग भरायचं, रात्री आंबट ताकात ठेवायच्या, सकाळी उन्हात घालायच्या, परत रात्री त्याच ताकात, ताक संपेपर्यंत. शेवटी हातात घेऊन मोडली की कट्टकन आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून दोन दिवस. कढीपत्ता मात्र उन्हात नको, काळा पडतो, घरातच कागदावर पसर, चार दिवसांत चुरचुरीत होतो. पावसाळ्यात जे येईल ते फ्रीजरला टाकायचं, मिरच्यांची देठं काढून, लिंबाचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये, त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. तू ते रील पाठवलंस ना, लसूण आणि हिरवी मिरची तेलात बुडवून महिनाभर ओट्यावर ठेवायची, ते करू नकोस. नुसत्या तेलात हवा लागत नाही, आंबटपणा नाही, पुरेसं मीठ नाही, अशा जागी बोट्युलिनमचे (जीवघेणं विष तयार करणारे) जंतू वाढू शकतात आणि त्याला ना वास येतो ना रंग बदलतो. आपल्या लोणच्यात कैरी, लिंबू आणि मूठमूठ मीठ असतं ते उगाच नाही. तसलं तेल करायचंच असेल तर फ्रीजमध्ये ठेव आणि चार दिवसांत संपव.

बरणीचं म्हणशील तर धुऊन दिवसभर उन्हात तापव, जमलं तर हिंगाची धुरी दे. आणि चमचा कोरडा. मी एवढं सांगते पण एका श्रावणात माझंच अख्खं लोणचं गेलं, पाहुणे आले होते, घाईत धुतलेला चमचा तसाच घातला, दहा दिवसांनी झाकण उघडलं तर वर कापसासारखी पांढरी साय. वरचं काढून खालचं वापरू असा मोह होतो, मला पण झाला होता, पण सगळं टाकलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. लोणच्याच्या बाबतीत मी जरा वेडीच आहे, २६ जुलै २००५ ला नौपाड्याच्या घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा मी आधी बरण्या माळ्यावर टाकल्या आणि मग टीव्ही, काका अजून ऐकवतात.

आता शेजाऱ्यांचं. कुंडीखाली ताटली ठेव, प्रत्येक कुंडीखाली. इकडे आल्या आल्या मी सकाळी झाडांना पाणी घालून मोकळी झाले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ग्रिलमध्ये पोह्याचे पापड वाळत घातले होते. सगळं मातीचं पाणी त्यावर. पुढच्या आठवड्यात कमिटीची नोटीस. चूक माझीच होती, मी त्यांना बसून नवीन पापड लाटून दिले आणि वर लोणच्याची पहिली बरणी, आता त्याच माझ्याकडून कढीपत्ता नेतात. आणि ग्रिलवर बारा इंची कुंड्या चढवू नकोस, ओल्या मातीची एक कुंडी वीस किलोच्या घरात जाते, भाड्याचं घर आहे तुझं. जड कुंड्या आत भिंतीशी, ग्रिलमध्ये फक्त कोकोपीटवाल्या (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या हलक्या भुशाच्या) छोट्या.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची शी पडल्यासारखं जे दिसतंय ते शी नाहीये, झूम करून बघितलं मी. ती अळी आहे, मोठी झाली की हिरवीगार होते आणि मग फुलपाखरू. दोन-तीन असतील तर राहू दे, पाच-सहा पानं खातील, खाऊ दे. झाड एकदम लहान असेल तर अळ्या उचलून खाली सोसायटीच्या कढीपत्त्यावर सोड. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतोय तो मात्र पिठ्या ढेकूण, त्याला दया नको, साबणाच्या पाण्याने टूथब्रश घेऊन घास.

दुधीला फुलं येतात आणि गळतात म्हणालीस ना, तर एवढ्या वर त्या फुलांकडे पराग नेणारे किडे येत नसणार, ते काम तुलाच करायचंय. ज्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी दिसतो ती मादी, नुसत्या लांब दांड्यावरचं ते नर. नर तोडायचा, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा गोंडा मादीच्या फुलात हलकेच फिरवायचा. दुधीचं फूल संध्याकाळी उघडतं म्हणून संध्याकाळी, कारल्याचं सकाळी. जमलं तर तीन-चार दिवसांत तो लवदार गोळा फुगलेला दिसेल, नाही जमलं तर पिवळा पडून गळेल, परत करायचं.

हळदीचे दोन गड्डे काढून ठेवलेत तुझ्यासाठी, डोळे फुटायला लागलेत, पावसाच्या आधी ग्रो बॅगमध्ये गेले पाहिजेत म्हणजे गौरीला पातोळ्यांना पानं मिळतील आणि जानेवारीत ओली हळद. रविवारी ये न्यायला, ठाणे लोकल पकडून पाच-साडेपाचपर्यंत पोच, म्हणजे मोगरा तोडायला सापडशील. आणि मागच्या वर्षी मोरावळा दिला होता ती माझी बरणी घेऊन ये, झाकणासकट.

काकू