वाचनालयाची वेबसाइट: नेक्स्ट, लारावेल की जँगो?

प्रश्न: सुदामा नगरात आमचं छोटं मराठी वाचनालय आहे, चारेक हजार पुस्तकं, सगळा कारभार अजून रजिस्टरवर. समितीनं आता वेबसाइट करायची ठरवलीय, म्हणजे सभासदाला घरबसल्या कळेल पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय. पुतण्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो म्हणतो काकू नेक्स्ट जेएसच घ्या, बाकी सगळं जुनं झालं. भाचा विजय नगरला एका कंपनीत पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर काम करतो, तो म्हणतो मावशी डोळे मिटून लारावेल घे. समितीतले एक काका कुठून तरी ऐकून आलेत की जँगो सगळ्यात भारी. साधं शेअर्ड होस्टिंग (अनेक साइट मिळून एकच सर्व्हर वापरतात ते) आधीच घेऊन ठेवलंय. पोरं जेवायला बसली तरी हाच वाद, काय करू?
— एक वाचक काकू, इंदूर

उत्तर: काकू, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आल्यापासून इंदुरात घरटी एक डेव्हलपर निघतो आणि ज्याला त्याला आपलंच फ्रेमवर्क (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, तुमची तिन्ही नावं त्यातलीच) गोड, तेव्हा पोरांवर रागावू नका. पण तिघांपैकी एकानं तरी हे विचारलं का, की वाचनालयात काउंटरला बसणाऱ्या ताई रोज काय करणार? पुस्तक आलं की दाखल क्रमांक टाकायचा, सभासदाच्या नावावर चढवायचं, परत आलं की उतरवायचं, उशीर झाला तर दंड. तुमची खरी वेबसाइट ही आतली स्क्रीन आहे, बाहेरचं पान म्हणजे नुसती शोधायची चौकट.

म्हणून नेक्स्ट मी बाजूला ठेवतो. ते रिअ‍ॅक्टवर उभं आहे आणि रिअ‍ॅक्ट मुळात स्क्रीनवर दिसतं तेवढ्यासाठीच, फेसबुकनं २०१३ मध्ये खुलं केलेलं. नेक्स्ट त्याला सर्व्हरची जोड देतं हे खरं, पण डेटाबेस, लॉगिन, नोंदीच्या स्क्रीन हे सगळं तुमचं तुम्ही निवडून जोडायचं, चार हजार पुस्तकांसाठी एवढा खटाटोप कशाला. आणि "जुनं झालं" हे कारण तर मुळीच ऐकू नका. गुगलचं अँग्युलर जेएस हे असंच एक फ्रेमवर्क २०१० ला आलं तेव्हा तेच नवं होतं ना, २०१६ मध्ये त्यांनी ते मुळापासून नव्यानं लिहिलं, जुना कोड नव्यावर जसाच्या तसा चालेना आणि २०२१ संपता संपता जुन्याचा सपोर्टही बंद.

काकांचं जँगो मात्र हसण्यावारी नेऊ नका. ते जन्मलंच अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्रात, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि बातमीदारांना घाईत मजकूर भरता यावा म्हणून त्यात ॲडमिनच्या, म्हणजे आतल्या कारभाराच्या, स्क्रीन तयारच मिळतात, पुस्तक, सभासद, देवघेव एवढं सांगितलं की नोंदीचे फॉर्म हजर. शिवाय त्याच्या एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्त्या असतात, ५.२ एप्रिल २०२५ ला आली तिला एप्रिल २०२८ पर्यंत सिक्युरिटी अपडेट. जिथे सगळे हौसेनं काम करतात तिथे ही तीन वर्षं फार मोलाची. लारावेलची दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला सिक्युरिटी दोनच वर्षं.

तरी मी म्हणेन लारावेल घ्या. मला स्वतःला जँगो जास्त आवडतं, पण ते पायथॉन भाषेतलं, आणि घरात पायथॉन येणारं कोण आहे सांगा? पुतण्याला कॅम्पसमधून नोकरी लागली की तो पुण्याला नाहीतर बंगलोरला जाणार, भाचा इथेच आहे, रोज लारावेलची भाषा पीएचपीच लिहितो, आणि तुमच्या होस्टिंगवर पीएचपी बहुतेक आधीपासून असणारच. जँगोसाठी कदाचित वेगळा सर्व्हर घ्यावा लागेल आणि मग त्याचे अपडेट, त्याचे बॅकअप बघणारा माणूस शोधा. तयार ॲडमिन लारावेलमध्ये नाही ही कमी आहे, पण फिलामेंट नावाचं फुकट पॅकेज आहे त्यावर भागतं, तसंच दुसरं नोव्हा, त्याला पैसे पडतात ते नको. होस्टिंगवाल्याला एवढं विचारा की पीएचपी किमान ८.२ आहे ना, लारावेल १२ ला ते लागतंच. आणि भाच्याला बजावा, सगळा प्रोजेक्ट बाहेरच्यांना उघड्या असणाऱ्या पब्लिक फोल्डरमध्ये ओतायचा नाही, नाहीतर डेटाबेसचा पासवर्ड ज्या एन्व्ह फाइलमध्ये असतो ती जगाला उघडी पडायची, हा घोळ शेअर्ड होस्टिंगवर सर्रास होतो.

आता ज्यावरून पोरं भांडत नाहीत पण तुमचा जीव खाईल ते म्हणजे मराठी शोध. "ॲ" हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकात ते एकसंध अक्षर असतं, दुसऱ्यात अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र वेगळं. ताईंनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका तऱ्हेनं नाव भरलं आणि सभासदानं मोबाइलवर दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं की पुस्तक कपाटात असून साइट म्हणणार, नाही. यात कुठलंच फ्रेमवर्क आपणहून मदत करत नाही, भरताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्यायचं चार ओळींचं काम भाच्याकडून पहिल्याच आठवड्यात करून घ्या, चार हजार नोंदी भरून झाल्यावर नको. यादीच्या क्रमाचंही तेच, साध्या सॉर्टमध्ये ळ हा व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, पण वाचनालयात तेवढं चालवून घेता येईल.

पुतण्याला बाहेरचं पान सजवायला द्या, तोही खूश. आणि डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग, गिटहब (कोड ठेवायची जागा) तिन्ही खाती वाचनालयाच्या मेलवर उघडा, भाच्याच्या नाही, पासवर्ड समितीतल्या दोघांकडे असू द्या.